शंभरातले सहा ठिपके

लीलाबाई सोनकुसरे वारल्या तेव्हा आमच्या निवृत्त मंडळींनी भंडाऱ्यात एक शोकसभा ठेवली. चौघे बोलले. तिघांनी एकच वाक्य म्हटलं, "कामात हुशार, पण स्वभाव तापट." चौथ्याने तेच हिंदीत म्हटलं. मग दोन मिनिटं उभं राहून सगळे चहाकडे वळले.

मी चहा न घेता घरी आले. तापट म्हणे. ताप यायला काही कारण लागत नाही, डास चावला तरी येतो. लीलाबाईंच्या प्रत्येक रागाला कारण होतं आणि ते कारण दर वेळी त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसलेलं असायचं. सभेत बोललेल्या चौघांतले दोघे त्या खुर्च्यांतले होते. मीही एकदा त्या खुर्चीत बसले होते, म्हणून हे लिहिते आहे.

आमचं ऑफिस तलाव-कालव्यांचं होतं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथे टायपिस्ट म्हणून लागले, तेव्हा सबंध ऑफिसात बायका दोनच. एक मी, लाखनीजवळच्या खेड्यातली, कुणब्याची पोर. दुसऱ्या लीलाबाई, ट्रेसर. ट्रेसरचं काम म्हणजे इंजिनियरने काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवून तो शाईने जसाच्या तसा उतरवायचा. लोक त्याला गिरवणं म्हणत. लीलाबाईंसमोर तो शब्द काढला की त्या टाक खाली ठेवत आणि म्हणत, "बसा इथं. गिरवून दाखवा." कोणी बसलं नाही.

वयाने माझ्यापेक्षा दहाबारा वर्षांनी मोठ्या. अंगाने काटकुळ्या, पण चालताना टाचा अशा आपटत की व्हरांड्यात कोण येतंय ते आत कळायचं. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला शाईचा डाग होता, तो आंघोळीने जात नसे. काम करताना डावा डोळा मिटलेला असायचा. मनगटाखाली रुमालाची घडी असायची, घामाचा थेंब कागदावर पडू नये म्हणून. लग्न झालं होतं, टिकलं नव्हतं. त्याबद्दल विचारायची कोणाची टाप नव्हती, मीही विचारलं नाही.

त्यांच्या टेबलावरचा पंखा त्या बंद ठेवत. भंडाऱ्याचा मे महिना ज्याने काढला आहे त्याला याचा अर्थ कळेल. त्या पंख्याखाली आणखी तीन टेबलं होती. एकदा हेडक्लार्कने उठून तो चालू केला. लीलाबाईंनी बंद केला. त्याने पुन्हा चालू केला. तेव्हा त्या स्टुलावर चढल्या आणि पंख्याची तारच काढून टाकली.

"ठिपका हालला का जमीन हालते," त्या वरूनच म्हणाल्या. "तुमाले वारा पायजे तर तळ्यावर जाऊन बसा."

हे ठिपक्यांचं आधी सांगायला हवं. शेत कधी चौकोनी नसतं. आमच्याकडच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, तर पोटासारख्या, पानासारख्या, कुठे शेपूट निघालेल्या. अशा वाकड्या आकाराचं क्षेत्र नकाशावरून काढायचं कसं? लीलाबाईंकडे त्यासाठी एक पारदर्शक कागद होता. त्यावर इंचात आडवे दहा आणि उभे दहा असे ठिपके, सारख्या अंतरावर. हा कागद नकाशावर ठेवायचा आणि शेताच्या रेघेच्या आत किती ठिपके पडतात ते मोजायचे. आमच्या गावनकाशांचं माप असं होतं की एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा जवळजवळ एक आर. शंभर ठिपके, म्हणजे अडीच एकर. धुऱ्यावर, म्हणजे बांधाच्या रेघेवरच पडला तो ठिपका अर्धा धरायचा.

हा कागद त्यांनी स्वतः काढला होता, दहा दिवस लावून. दर दहावा ठिपका किंचित मोठा, मोजताना डोळा चुकू नये म्हणून. मी एकदा दुपारच्या सुट्टीत म्हटलं, "बाई, ठिपकेच तर आहेत."

त्यांनी डबा बाजूला सारला. मला उभं केलं, कागद नकाशावर ठेवला, एक बांधी दाखवली आणि मोजायला लावली. मी त्र्याऐंशी मोजले. त्यांनी कागद केसभर सरकवला आणि पुन्हा मोजायला लावलं. ब्याऐंशी आणि एक अर्धा.

"पाहिलं? आता हेच ठिपके जराशे दाट असते तर? जराशे पातळ असते तर? ज्या मापाचा नकाशा त्याच मापाचे ठिपके. नाई तर कोणाची जमीन कोणाच्या घशात जाईन ते देवालेही समजणार नाई."

हे त्या ऑफिसात शिकल्या नव्हत्या. त्यांचं घर विणकरांच्या मोहल्ल्यात होतं. एका रविवारी मी गेले तेव्हा त्यांचे वडील मागाजवळ जमिनीवर बसून कागदावर ठिपके देत होते. लुगड्याच्या काठावर जी नक्षी यायची ती आधी ठिपक्यांनी कागदावर उतरायची, एका ठिपक्याला ठरलेले धागे. मागाची फणी बदलली, धागे दाट झाले की म्हातारा जुना कागद बाजूला ठेवून नवा काढायला घेई. मी विचारलं, जुनाच वापरला तर?

"तर मोर लंबा होते आन् बगळा दिसते," म्हातारबुवा म्हणाले. लीलाबाई हसल्या. ऑफिसात मी त्यांना अशा हसताना पाहिलं नव्हतं.

आमच्या साहेबांचं नाव मी लिहीत नाही. भीती म्हणून नाही, आता कशाची भीती. त्या नावाला कागदावर जागा द्यायची माझी इच्छा नाही. ते बाहेरचे होते, बोलणं गोड होतं, कोणावर आवाज चढवत नसत. लोकांना याचं फार कौतुक. ज्याच्या हातात कलम असते त्याला आवाज चढवायची गरजच काय? पहिल्या वर्षीच त्यांनी लीलाबाईंना बोलावून सांगितलं की घरी हळदीकुंकू आहे, बाईसाहेबांना ठिपक्यांच्या रांगोळीचा मोठा कागद हवा, तुमचा हात चांगला आहे.

"ऑफिसच्या वेळात काढू का घरच्या?" लीलाबाईंनी विचारलं.

"तुमच्या सोयीने."

"ऑफिसच्या वेळात कालव्याचा नकाशा आहे. घरच्या वेळात माझा बाप आजारी आहे. बाईसाहेबांले सांगा, रांगोळीचे ठिपके बोटानं देते, टाकानं नाई."

साहेब हसले. ते हसणं मी पाहिलं होतं, कारण मी डिक्टेशन घ्यायला समोर बसले होते. ते त्यांनी तीन वर्षं जपून ठेवलं.

तीन वर्षांनी खैरबोडीचं प्रकरण आलं. लाखनीपासून आत असलेलं लहानसं गाव. गावच्या तलावाची पाळ उंच करायची होती, त्यामुळे तलावाच्या पोटाकडच्या बांध्या पाण्यात जाणार होत्या. ज्याची जितकी जमीन बुडेल तितकी त्याला कालव्याखाली दुसरीकडे मिळणार, असं ठरलं होतं. म्हणजे कागदावर जितके ठिपके, तितकी उद्याची जमीन.

नेमके त्याच वेळी लीलाबाईंचे वडील गेले. त्या सुट्टीवर होत्या तेवढ्यात क्षेत्राचा तक्ता वर पाठवायची घाई झाली. रहांगडाले म्हणून एक नवा ट्रेसर होता, गरीब मुलगा, होय साहेब म्हणण्यापलीकडे त्याला काही येत नव्हतं. त्याने लीलाबाईंच्या खणातून ठिपक्यांचा कागद काढला, खैरबोडीच्या नकाशावर ठेवला आणि पाच दिवसांत सगळ्या बांध्या मोजल्या. तक्ता मी टाइप केला. कार्बन लावून चार प्रती, त्यातली एक खैरबोडीच्या पंचायतीला.

तेराव्यानंतर लीलाबाई कामावर आल्या. त्याच आठवड्यात खैरबोडीचे रामाजी कापगते ऑफिसात आले. साठीचा माणूस, खांद्यावर गुंडाळलेला दोर. दोराला गाठी मारलेल्या होत्या. साहेबांच्या खोलीत त्यांना कोणी सोडलं नाही, म्हणून ते आमच्या टेबलांपाशी आले.

"बाई, माझी बांधी आज्याच्या वक्तापासून तेवढीच आहे. धुऱ्याले कोनी हात नाई लावला. दोन डाव दोर घेऊन मोजली. तुमच्या कागदावर लहान काहून झाली?"

रहांगडाले म्हणाला, "काका, दोर ढिला धरला असन."

लीलाबाईंनी हातातला टाक खाली ठेवला. त्यांनी खैरबोडीचा नकाशा मागवला. नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात मापाची पट्टी काढलेली असते, एवढी लांबी म्हणजे जमिनीवर एवढे फूट. ती पट्टी सहा इंचाची असायला हवी होती. त्यांनी पितळी स्केल लावलं. पावणेसहा भरली. मग बाजूची उभी पट्टी मोजली. तीही कमी, पण आडवीइतकी नाही.

तो नकाशा म्हणजे मूळ नकाशाची निळी प्रत होती. अशी प्रत काढताना कागद पाण्यातून काढून सुकवतात. कोणीतरी तो उन्हाळ्यात गच्चीवर वाळत घातला होता.

"लुगडं आटते तसा नकाशा आटला," त्या रहांगडालेला म्हणाल्या. "आन् तू त्याच्यावर माझे न आटलेले ठिपके ठेवले. शंभरात सहा ठिपके बाहेर पडले. सहा आर. माझ्या कागदानं."

त्यांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. लोक ज्याला तापट म्हणतात तो हा नव्हता. रंग उतरला होता. बाप जाऊन पंधरा दिवस झाले होते आणि आता त्यांच्याच हातच्या कागदाने लोकांची जमीन कापली गेली होती.

त्या साहेबांकडे गेल्या. दार उघडं होतं, आम्ही सगळे ऐकत होतो.

"बाई, कागद थोडा आकसतोच," साहेब म्हणाले. "शंभरात सहा म्हणजे किती? एवढी सूट धरलेलीच असते."

"सूट कोण धरते? देणारा का घेणारा?"

"अहवाल वर गेला आहे."

"मंग खाली आणा."

"असं होत नसतं. तुम्ही दमलेल्या आहात, घरी दुःख झालं आहे. तक्त्याच्या आपल्या प्रतीवर ट्रेसर म्हणून तुमची सही राहिली आहे, ती करा आणि चार दिवस आराम करा."

"मी मोजलं नाई. माझी सही नाई."

सही अखेर रहांगडालेने केली.

पुढचे चार दिवस लीलाबाई रोजचे नकाशे उतरवत राहिल्या. शनिवारी संध्याकाळी मला म्हणाल्या, "सुमन, उद्या खैरबोडीले जाऊ. तुले तिकडच्या गाड्या माहीत आहेत."

आम्ही सकाळच्या बसने लाखनीला उतरलो, तिथून एका बैलगाडीवाल्याने नेलं. लीलाबाईंच्या पिशवीत कोरा ट्रेसिंग पेपर होता, स्वतः बाजारातून आणलेला. शाईची बाटली, टाक, गुण्या आणि पितळी स्केल. दुसरं काही नाही. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पिशवी अर्धा रस्ता माझ्याच मांडीवर होती.

गावाला बघायला म्हणून नकाशाची एक प्रत ऑफिसनेच दिली होती, ती पंचायतीच्या भिंतीवर चिकटवलेली होती. रामाजींनी ती पाण्याचा हात लावू न देता सुरीने हळूच सोडवली. लीलाबाईंनी पट्टी मोजली. ही प्रतही आटलेली, पण ऑफिसातल्या प्रतीपेक्षा वेगळी. म्हणजे ऑफिसात बसून काढलेले ठिपके इथे चाललेच नसते. इथल्या कागदासाठी इथेच काढायला हवे होते.

पंचायतीच्या ओसरीवर पाट मांडून त्या बसल्या. आटलेल्या पट्टीचे सारखे साठ भाग करायचे, ते मोजपट्टीने होत नाहीत. त्यांनी पट्टीच्या टोकाशी एक तिरपी रेघ ओढली, तिच्यावर सोयीच्या मापाच्या साठ खुणा केल्या, शेवटची खूण पट्टीच्या दुसऱ्या टोकाला जोडली आणि तिला समांतर एकेक रेघ गुण्या सरकवत खाली उतरवली. पट्टीचे आपोआप साठ भाग पडले. उभ्या बाजूला पुन्हा तेच. मग ठिपके.

गाव गोळा झालं.  एका माणसाने विडी पेटवली तर रामाजींनीच त्याला उठवलं. लीलाबाई मान वर न करता म्हणाल्या, "श्वास तिकडे सोडा." पंचवीसेक माणसं तोंड फिरवून बसली.

दुपार कलली तेव्हा कागद तयार झाला. शाई वाळू दिली. मग त्यांनी तो नकाशावर ठेवला आणि स्वतः मागे सरकून बसल्या.

"मी नाई मोजणार. ज्याची बांधी त्यानं मोजा. चुकलं तर मी सांगन."

रामाजी पुढे झाले. त्यांना शंभराच्या पुढे मोजता येत नव्हतं. त्यांनी दहा ठिपक्यांना धानाचा एक दाणा बाजूला टाकत मोजलं. पंधरा दाणे झाले. तक्त्यात एकशे एकेचाळीस होते.

त्यांनी दाणे पुन्हा मोजले. मग म्हणाले, "माझा दोर ढिला नव्हता."

दोन भावांच्या बांध्यांमधल्या धुऱ्यावर एक ठिपका आला, तर तिथे भांडण जुंपलं. धाकटा म्हणे हा माझा. लीलाबाईंनी टाकाचं मागचं टोक पाटावर आपटलं. "अर्धा तुझा, अर्धा त्याचा. सरकारनं नऊ नऊ नेले ते दिसले नाई, आन् भावाचा अर्धा दिसून राहिला तुले?" धाकटा मागे सरकला.

एकोणीस घरांनी त्या दिवशी मोजलं. प्रत्येकाचे आकडे लीलाबाईंनी कागदावर लिहून दिले आणि हरकतीचा अर्ज कसा करायचा ते सांगितलं. निघताना त्यांनी विचारलं, सगळे आले ना? कोणीतरी म्हणालं, पल्याडच्या टोलीतली, त्या लहान वस्तीतली, सात घरं राहिली, ती लोकं लाकडाला जंगलात गेली आहेत, त्यांना सांगू.

हरकतींची सुनावणी झाली. वरून दुसरे अधिकारी आले, एकोणीस घरांच्या बांध्यांवर साखळी टाकून प्रत्यक्ष मोजणी झाली. लीलाबाईंच्या ठिपक्यांत आणि साखळीत एखाद्या ठिपक्याचा फरक निघाला. एकोणीस घरांची जमीन कागदावर पुरी झाली.

टोलीच्या सात घरांना कोणी सांगितलंच नाही. मुदत संपली. त्यांचा तक्ता तसाच राहिला, मी टाइप केलेला.

आणि साहेबांनी जपून ठेवलेलं ते हसू आता बाहेर काढलं. लीलाबाईंना मेमो आला. कार्यालयाच्या मालकीचा मोजणीचा कागद परवानगीशिवाय बाहेर नेला, खेडुतांना शासनाविरुद्ध चिथावलं. चौकशी बसली. साक्षीदार म्हणून माझं नाव लीलाबाईंनीच दिलं होतं, कारण चिथावलेल्या खेडुतांची साक्ष कोणी धरणार नव्हतं आणि पिशवीत काय होतं ते माझ्याशिवाय कोणी पाहिलं नव्हतं.

चौकशीच्या आदल्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं. माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. तिचे कागद त्यांच्या टेबलावर होते. ते त्यांनी माझ्यासमोर नीट रचले, वर पेपरवेट ठेवलं आणि म्हणाले, "सुमनबाई, तुम्ही पिशवी उघडून पाहिली असेल असं मला तर वाटत नाही."

बस, एवढंच. धमकी नाही, काही नाही. गोड माणूस.

दुसऱ्या दिवशी मला विचारलं गेलं, बाईंच्या पिशवीत काय होतं? लीलाबाई समोर बसल्या होत्या. मी म्हटलं, "मी पाहिलं नाही."

घरी धाकटी भावंडं होती, बापाला दमा होता, वगैरे वगैरे. ही कारणं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगितली आहेत. ती खरीही आहेत. पण रामाजींना शंभरापुढे मोजता येत नव्हतं तरी ते तीन कोस चालून, मग बस धरून आमच्या टेबलाशी आले होते. मला मिनिटाला पन्नास शब्द टाइप करता येत होते आणि माझ्या तोंडून खरे पाच शब्द निघाले नाहीत.

लीलाबाई भडकल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मी आयुष्यभर त्यांची ऋणी राहिले असते. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं, डावा डोळा न मिटता, आणि चौकशी अधिकाऱ्यांना म्हणाल्या, "लिहून घ्या. तिनं नाई पाहिलं."

दोन वेतनवाढी थांबल्या आणि तुमसरला बदली झाली. ट्रेसर म्हणून नाही, गोदामावर. ज्या हाताने ठिपके काढायचे त्या हाताने सिमेंटच्या गोण्यांवर ताडपत्री ओढायची. तिथून त्या टोलीच्या सात घरांसाठी अर्ज करत राहिल्या. आमच्याकडे ते यायचे, आवक-जावकला मीच नोंदवायचे. बारीक, सरळ अक्षर, ओळीला ओळ समांतर. दर पावसाळ्याआधी एक. प्रत्येकावर शेरा पडे, "फाइल करावे." नऊ अर्ज फाइल झालेले मला आठवतात. माझी नोकरी कायम झाली. साहेबांना बढती मिळाली. रहांगडालेला लीलाबाईंचं टेबल मिळालं आणि पहिल्याच दिवशी त्याने पंखा दुरुस्त करून घेतला.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं असेल. आमच्या वरच्या ऑफिसात झेरॉक्सचं मशीन आलं होतं. एके दिवशी सगळ्या ऑफिसांना एक परिपत्रक आलं, क्षेत्र मोजण्यासाठी यापुढे सोबतचा ठिपक्यांचा कागद वापरावा. खाली कागद तयार करणाऱ्याचं नाव होतं. आमच्या त्या साहेबांचं.

मी कागद उजेडात धरला. दर दहावा ठिपका किंचित मोठा होता. ज्या कागदासाठी बाईंना मेमो मिळाला, तो साहेब बदलीच्या वेळी सामानात घेऊन गेले होते. ऑफिसच्या मालकीचा कागद.

मग मी कधी केलं नव्हतं ते केलं. रहांगडालेचं स्केल मागून घेतलं आणि ठिपक्यांवर लावलं. सहा इंचात साठ हवे होते. साठावा ठिपका सहाच्या बराच अलीकडे होता. झेरॉक्सने कागद लहान करून टाकला होता आणि कोणी पाहिलं नव्हतं. आता ठिपके दाट, म्हणजे दर बांधीत जास्तीचे पडणार. जास्तीच्या ठिपक्यांची पाणीपट्टी भरत उद्या दुसरं कोणीतरी कापलं जाणार. सबंध जिल्ह्यात. मी स्केल टेबलावर आपटलं, आणि मला कळलं की हा राग आहे. इतकी वर्षं मला वाटत होतं की तो फक्त लीलाबाईंनाच येतो.

रविवारी मी तुमसरला गेले. गोदामामागे त्यांची एक खोली होती. केस पांढरे झाले होते. त्यांनी मला आत ये म्हटलं नाही, जाही म्हटलं नाही. मी परिपत्रक पुढे केलं. त्यांनी ते वाचलं, नाव वाचलं, आणि कागद परत दिला.

"हे मले कायले दाखवून राहिली?"

"बाई, तुमचे ठिपके आहेत. आणि माप चुकलं आहे."

"तुले कसं माहीत चुकलं?"

"मी मोजलं."

त्या पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहत होत्या. "मंग लिही. तुह्या नावानं. कोणी सांगितलं म्हणून नाई, मी मोजलं असं लिही."

मी मान डोलावली. मग जे बोलायला खरं आले होते ते बोलायला लागले. त्या दिवशी चौकशीत, साहेबांनी, माझी नोकरी... त्यांनी मध्येच थांबवलं.

"माफी मले नको. मी उपाशी नाई मेली. टोलीतल्या सात घरच्या लोकायले माग. त्यायच्यासमोर उभी राहा आन् सांग, तुमचा तक्ता मी टाइप केला. तुहं काम होतं ते. तू मले येऊन सांगून राहिली, कारण मी सोपी आहे."

मी परिपत्रकाच्या मापाबद्दल माझ्या सहीने वर लिहिलं. सहा महिन्यांनी कागद मागे घेतल्याचं दोन ओळींचं पत्र आलं. चूक कोणाची ते त्यात नव्हतं. आणि मी टोलीत गेले. सातातल्या चार घरांना कुलूप होतं, माणसं नागपूरकडे कामाला निघून गेली होती. पाचव्या घरी एका म्हातारीने मला पाणी दिलं, मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग आता?" मी पाण्याचं भांडं खाली ठेवलं.  उरलेल्या दोन घरांत मी गेले, पण त्याबद्दल लिहिणार नाही.

तुमसरच्या त्या दिवशी परतीच्या बसची वेळ होत आली होती. लीलाबाई मला स्टँडवर सोडायला आल्या नव्हत्या, त्या बाजारात निघाल्या होत्या, रस्ता एकच होता म्हणून सोबत चाललो. त्या पुढे, टाचा आपटत, मी दोन पावलं मागे. स्टँडवर पोचलो तर भंडाऱ्याची बस फाटकाबाहेर निघत होती. मी हात केला, ड्रायव्हरने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

लीलाबाई रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. बस त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबली. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं.

"बाई, मरायचं आहे का?"

"वेळ पाह्य. पाच मिनिटं आहेत गाडीले अजून. आधी काहून काढली?"

"बाजूले व्हा."

"ती चढल्यावर होईन."

मी पळत जाऊन चढले. कंडक्टर पुटपुटत होता, बसलेले लोक हसत होते. आत शिरून मी खिडकीशी आले, त्यांना काहीतरी म्हणायचं म्हणून. पण त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्या ड्रायव्हरच्या दारापाशी जाऊन मनगटावरचं घड्याळ त्याच्या नाकासमोर धरून उभ्या होत्या. बस सुटली, वळली. मागच्या काचेतून मला दिसल्या त्या कंट्रोलरच्या खिडकीकडे निघालेल्या, तक्रारीची वही मागायला, पिशवी काखेत मारून, तरातरा.